फाइल क्लोज केली म्हणजे नेमकं काय झालं? फ्लश, रिलीज आणि शेवटचा धरणारा

कोयनाकाठ · रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. आजवर ज्या गोष्टीला मी कोडमध्ये एका ओळीपलीकडे किंमत दिली नाही, तिनेच दोन आठवडे मला अडकवून ठेवलं आहे. ती म्हणजे फाइल क्लोज करणं. म्हणून हा धागा.

आम्हा सहा जणींचा अभ्यासगट आहे, दर रविवारी दुपारी बसतो. कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) नुसतं वाचन पुरे झालं, आता स्वतःची फाइलसिस्टिम लिहू या असं ठरलं आणि लिनक्सवर फ्यूज घेऊन सुरुवात केली. फ्यूजमध्ये कर्नल प्रत्येक कॉल आपल्या साध्या प्रोग्रॅमकडे पाठवतं. चूक झाली तर मशीन कोसळत नाही, फक्त आपला प्रोग्रॅम मरतो. ओपन, रीड, राइट चार दिवसांत जमलं. प्रत्येक उघड्या फाइलसाठी मी एक बफर घ्यायचे, राइटचा मजकूर त्यात साठवायचे आणि फाइल बंद झाली की तो डिस्कवर उतरवून बफर मोकळा करायचे. बंद झाल्याचं कळायला दोन कॉल दिसले, फ्लश आणि रिलीज. क्लोज केल्याकेल्या फ्लश येतो असं दिसलं, म्हणून दोन्ही कामं फ्लशमध्ये टाकली.

सीपीने फाइल कॉपी केली, नीट गेली. मग गटातल्या एकीने बॅशमध्ये (कमांड घेणाऱ्या शेलमध्ये) इको करून एक ओळ फाइलमध्ये रीडायरेक्ट केली आणि प्रोग्रॅम जागीच मेला. त्यानंतर त्या डिरेक्टरीत काहीही करा, उत्तर एकच: ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड.

शेवटी एसट्रेस (प्रोग्रॅमचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणारं साधन) लावून बॅश काय करतं ते ओळीओळीने पाहिलं. बॅश फाइल उघडतं, तिला ३ नंबर मिळतो. स्वतःचं आउटपुट, म्हणजे १ नंबर, पुढे परत लागणार म्हणून त्याची एक प्रत १० वर काढून ठेवतं. मग डुप२ने ३ ची प्रत १ वर बसवतं आणि लगेच ३ क्लोज करतं. अजून एक अक्षरही लिहिलेलं नसतं! त्या क्लोजबरोबर माझ्याकडे फ्लश आला, मी बफर मोकळा केला, आणि पुढच्याच ओळीत १ वरून राइट आला तो त्या मोकळ्या केलेल्या मेमरीत.

चूक कुठे झाली ते कळलं. पण कोणतं काम फ्लशमध्ये करायचं, कोणतं रिलीजमध्ये, आणि खऱ्या कर्नलमधल्या फाइलसिस्टिम हे कसं करतात, ते जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

पायवाट · रविवार, रात्री ११.०५

कोयनाकाठ, एसट्रेस लावलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ जण इथे अंदाजाने कोड हलवत बसतात.

मुळात आपण ज्याला सरसकट 'फाइल' म्हणतो त्या कर्नलच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली, प्रोसेसच्या तक्त्यातला नंबर, म्हणजे डिस्क्रिप्टर. दुसरी, ओपन केल्यावर कर्नलने तयार केलेली उघडी नोंद. कुठपर्यंत वाचलं, कोणत्या परवानगीने उघडली, हे तिच्यात असतं. तिसरी म्हणजे आयनोड, खुद्द फाइल. डुप केलं (नंबराची प्रत काढली), फोर्क केलं (प्रोसेसची प्रत काढली), की नंबर वाढतात, उघडी नोंद मात्र तीच राहते. तिच्यावर किती जणांचा हात आहे याची मोजणी तिच्यातच असते.

अभ्यासिकेत बसलेले लोक आठवा. निघताना प्रत्येकाने वहीत वेळ लिहून सही करायची, आणि शेवटी निघेल त्याने दिवे-पंखे बंद करून कुलूप लावायचं. फ्लश म्हणजे ती सही, दर क्लोजला एकदा. रिलीज म्हणजे कुलूप, एका उघड्या नोंदीला आयुष्यात एकदाच. तुमच्या कोडने पहिल्याच माणसाने सही केल्यावर दिवे घालवले.

लिनक्समध्ये क्रम असा आहे. क्लोज आला की आधी तक्त्यातून नंबर निघतो. मग फिल्प-क्लोज हे फंक्शन फाइलसिस्टिमचा फ्लश बोलावतं, असला तर. मग एफपुट मोजणी एकने कमी करतं. शून्य झाली तरच रिलीज, आणि त्यानंतर आयनोड, नाव आणि माउंट यांच्यावरचे हात सुटतात.

आणि हे नीट लक्षात घ्या: फ्लशने एरर परत केली तर ती क्लोजच्या उत्तरातून प्रोग्रॅमपर्यंत जाते. रिलीजने काहीही परत केलं तरी कर्नल त्याकडे बघत नाही. जे काम फसू शकतं ते रिलीजवर टाकायचं नाही, तिथे ऐकून घेणारं कोणी नसतं.

कोयनाकाठ · सोमवार, रात्री ९.३०

अभ्यासिकेचं उदाहरण पटलं. पण तुमचा शेवटचा परिच्छेद वाचायच्या आधीच मी काल रात्री सगळं रिलीजमध्ये हलवलं होतं. इको चालायला लागलं, खूश झाले. आज चाचण्या लावल्या तर दोन नवी दुखणी निघाली.

एक, डिस्क मुद्दाम भरून ठेवली आणि सीपी केलं. सीपी म्हणालं झालं, उत्तर शून्य. फाइल पाहिली तर रिकामी. दुसरं जास्त विचित्र आहे. सीपी आणि लगेच पुढच्या ओळीत कॅट अशी स्क्रिप्ट लावली, तर बहुतेक वेळा मजकूर दिसतो आणि मधूनच एखाद्या वेळी फाइल रिकामी दिसते. हाताने केलं की कधीच चुकत नाही.

शेवंती · सोमवार, रात्री १०.१८

पहिल्याचं उत्तर पायवाट यांनी दिलंच आहे. तुमच्या राइटने मजकूर नुसता बफरमध्ये घेऊन 'झालं' सांगितलं, आणि जागा नाही हे कळलं रिलीजमध्ये. ती ईनोस्पेस एरर तिथेच विरली.

दुसरं फ्यूजचं वैशिष्ट्य आहे. फ्यूजमध्ये रिलीज साधारणपणे मागाहून पाठवला जातो. प्रोग्रॅमचं क्लोज परत येतं, तो पुढच्या कामाला लागतो, आणि तुमच्याकडे रिलीज नंतर पोचतो. हाताने टाइप करता तेव्हा मधला वेळ पुरतो, स्क्रिप्टमध्ये पुरत नाही. फ्लशला मात्र कर्नल उत्तर येईपर्यंत थांबतं.

म्हणून वाटणी अशी करा. बफरमधला मजकूर उतरवणं फ्लशमध्ये, एरर आली तर तीच परत. फ्लश किती वेळा येईल याचा भरवसा धरू नका, उतरवण्यासारखं काही नसेल तर गुपचूप शून्य द्यायचं. बफर मोकळा करणं फक्त रिलीजमध्ये. आणि एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर पोचवायला सांगणारा कॉल) वेगळा लिहा, फ्लशच्या भरवशावर ठेवू नका.

आता तुमच्याच एसट्रेसमधली एक जागा दाखवते. इको संपल्यावर बॅश १० ची प्रत पुन्हा १ वर बसवतं ना? त्या डुप२च्या पोटात १ नंबरावरची तुमची फाइल बंद होते. दुसरा फ्लश तिथे येतो, आणि त्या वेळी तो खरा मजकूर घेऊन येतो. पण डुप२च्या आत झालेल्या क्लोजची एरर कर्नल टाकून देतं, डुप२ यशस्वीच म्हणतं. म्हणजे फ्लश कितीही नीट लिहिला तरी इकोच्या वाटेने आलेल्याला 'जागा नाही' हे कळणार नाही. त्यावर माझ्या मते एकच उपाय: राइट आला त्याच वेळी जागा राखून ठेवा, नसेल तर राइटलाच नकार द्या. लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम ईएक्सटी४ हेच करते. ब्लॉक नेमके कोणते ते मागाहून ठरवतं, पण किती लागतील तेवढे राइटच्या वेळीच राखतं.

अंकुर_फुटला · मंगळवार, सकाळी ७.५०

पायवाट दादा, एक प्रश्न. मी तिसऱ्या वर्षाला आहे, आम्ही एमआयटीची एक्सव्ही६ (शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वाचतोय. तिच्यात फाइलक्लोज या फंक्शनमध्ये मोजणी शून्य झाली की आधी त्या नोंदीची पूर्ण प्रत एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतात, मग मूळ नोंद रिकामी करतात, लॉक सोडतात, आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करतात. सरळ मूळ नोंदीवरच काम करून शेवटी ती रिकामी का करत नाहीत? सरांनी 'तशी पद्धत आहे' एवढंच सांगितलं.

पायवाट · मंगळवार, सकाळी ९.१५

अंकुर, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे, आणि पद्धतीपेक्षा पक्कं कारण त्यामागे आहे.

एक्सव्ही६मध्ये सगळ्या सिस्टिमला मिळून १०० उघड्या नोंदींचा एकच तक्ता आहे आणि त्याला एकच स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोअर न झोपता वाट बघत राहतो असं कुलूप). पुढचं काम काय आहे? पाइप असेल तर ती बंद करणं, फाइल असेल तर आयनोड सोडणं. आयनोड सोडताना डिस्कवर लिहावं लागू शकतं, म्हणजे प्रोसेसला झोपावं लागू शकतं. स्पिनलॉक हातात धरून झोपता येत नाही. म्हणून आधी लॉक सोडायलाच हवं.

आता लॉक सोडलं आणि नोंद अजून भरलेलीच ठेवली तर? तिची मोजणी शून्य आहे. दुसऱ्या कोअरवर कोणी ओपन केलं तर त्याला तीच जागा मोकळी दिसेल, तो ती घेईल आणि स्वतःचा आयनोड तिथे लिहील. तुम्ही परत येऊन 'माझा' आयनोड सोडायला जाल तो त्याचा सोडाल. म्हणून प्रत घ्या, जागा मोकळी करा, लॉक सोडा, मग प्रतीवर सावकाश काम करा. या क्रमातली एकही पायरी हलवता येत नाही. कागदावर दोन कोअर काढून हलवून बघ.

त्याच फंक्शनच्या शेवटच्या भागात आणखी एक गोष्ट बघ. आयपुटच्या (आयनोड सोडणाऱ्या फंक्शनच्या) आधी बिगिन-ऑप आणि नंतर एंड-ऑप, म्हणजे क्लोजसाठी लॉगचं ट्रान्झॅक्शन उघडलंय. नुसती वाचायला उघडलेली फाइल बंद करतानाही! कारण ती फाइल मधल्या काळात कोणी अनलिंक केलेली (तिचं नाव काढून टाकलेली) असू शकते आणि हा शेवटचा हात असू शकतो. मग आयपुटला सगळे ब्लॉक सोडावे लागतात, आयनोड मोकळा करावा लागतो. साध्या वाचणाऱ्याच्या क्लोजमध्ये डिस्कवर लेखन होऊ शकतं, ही कल्पना मनात ठसवून घे.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.४०

अनलिंकचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव लिहितो. मी सर्व्हर सांभाळायच्या कामात आहे. जुन्या नोकरीतली गोष्ट, कंपनीचं नाव नको. पहाटे तीनला फोन: डिस्क १०० टक्के भरली, डेटाबेस लिहीत नाही. ड्यूटीवरच्या मुलाने घाबरून एक ४० जीबीची लॉग फाइल उडवली होती. फाइल यादीत नाही, पण जागा तिळभर मोकळी झालेली नाही. डीएफ (डिस्कवरची एकूण जागा सांगणारी कमांड) म्हणतं भरली आहे, डीयू (यादीतल्या फाइलींची जागा मोजणारी) म्हणतं अर्धी रिकामी आहे. त्याला वाटलं फाइलसिस्टिम बिघडली, आणि तो मशीन बंद करून एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) चालवायच्या तयारीत होता.

बिघडलं काहीच नव्हतं. आरएमने फक्त नाव गेलं. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल उघडीच ठेवली होती, म्हणून आयनोड जिवंत होता आणि ब्लॉकही. एलसॉफला (उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडला) 'लिंक एकपेक्षा कमी' अशी अट घालून यादी काढली, फाइल समोर आली, पुढे 'डिलीटेड' लिहिलेली. प्रोग्रॅम बंद करणं परवडणारं नव्हतं, तेव्हा प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीतून तोच नंबर धरून फाइलची लांबी शून्य केली. दोन सेकंदांत जागा मोकळी.

तेव्हापासून नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हे हाताने करायला लावतो. लॉग उडवायचा नाही. नाव बदलायचं आणि प्रोग्रॅमला सिग्नल देऊन नवी फाइल उघडायला सांगायचं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर यूएसआर१ सिग्नलवर नेमकं हेच करतो.

भरतीओहोटी · बुधवार, दुपारी १.२०

रात्रपाळी, यातला पुढचा प्रश्न मला जास्त छळतो: नाव गेलेलं, फाइल उघडी, आणि त्याच क्षणी वीज गेली तर? मी मालवणात राहतो. पावसाळ्यात हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकातला राहत नाही.

डिस्कवर आयनोड आहे, ब्लॉक आहेत, पण कुठल्याच डिरेक्टरीतून वाट नाही. धरून ठेवणारी प्रोसेस तर गेली. काही केलं नाही तर ती जागा कायमची हरवली. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ यांनी यासाठी अनाथ आयनोडची यादी ठेवली. शेवटचं नाव जाताना आयनोड त्या यादीत घालायचा. यादीचं टोक सुपरब्लॉकमध्ये. शेवटचा हात सुटून ब्लॉक मोकळे झाले की यादीतून काढायचा. मध्ये वीज गेली तर पुढच्या माउंटला जर्नल (बदलांची नोंदवही) वाचून झाल्यावर ही यादी चालतात आणि राहिलेलं काम पुरं करतात. 'ऑर्फन आयनोड डिलीटेड' अशी ओळ डीमेसेजमध्ये दिसली की घाबरू नका, ती अर्धवट राहिलेल्या साफसफाईची पोच आहे. फाइलची लांबी कमी करायचं लांबलचक काम मध्येच तुटू नये म्हणूनही हीच यादी वापरतात.

या यादीला एकच कुलूप असल्यामुळे खूप कोअरवर खूप फाइल उडवल्या की रांग लागायची. म्हणून लिनक्स ५.१५ पासून ईएक्सटी४मध्ये यादीऐवजी वेगळी अनाथ-फाइल ठेवायची सोय आली.

एनएफएसची (नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून फाइल वापरायच्या पद्धतीची) तऱ्हा वेगळी. जुन्या एनएफएसमध्ये सर्व्हरला कोणी काय उघडलंय हे माहीतच नसतं. म्हणून उघडी फाइल उडवली की क्लायंटच तिचं नाव बदलून टिंब-एनएफएस आणि पुढे आकडे असं काहीतरी करतो, आणि शेवटच्या क्लोजला खरी उडवतो. क्लायंट मध्येच मेला तर त्या फाइल सर्व्हरवर पडून राहतात. डिरेक्टरी उडवायला जावं आणि 'रिकामी नाही' उत्तर यावं, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. कोयनाकाठ, फ्यूजची लायब्ररीसुद्धा असंच करते, टिंब-फ्यूज-हिडन नावाच्या फाइल दिसल्या तर तुमचा बग समजू नका.

सरळमार्ग · बुधवार, सायंकाळी ६.०५

चर्चा छान आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. पंधरा वर्षं सी लिहितोय. क्लोजचं उत्तर तपासून करायचं काय? एरर आली तर फाइल पुन्हा बंद करायची? मजकूर परत लिहायचा? प्रोसेस मेली की कर्नल सगळं बंद करतंच. साधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला या सगळ्याचं ओझं कशाला?

शेवंती · बुधवार, रात्री ९.५०

सरळमार्ग, अर्धी गोष्ट तुमची बरोबर आहे. वाचायला उघडलेल्या फाइलच्या क्लोजचं उत्तर मीही बघत नाही. आणि 'फाइल पुन्हा बंद करायची?' याचं लिनक्सवरचं उत्तर ठाम नाही असंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते, कारण इथे चांगले अनुभवी लोक चुकतात.

क्लोजने ईआयएनटीआर दिलं, म्हणजे मध्येच सिग्नल आला. रीड-राइटच्या सवयीने लोक इथेही लूप लावतात. पण पायवाट यांनी लिहिलेला क्रम बघा: लिनक्स नंबर सर्वांत आधी काढून घेतं, मग बाकीचं. म्हणजे एरर आली तरी नंबर सुटलेलाच आहे. मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने काही उघडलं तर त्याला तोच, समजा ७ नंबर मिळतो. तुमचा लूप दुसऱ्यांदा ७ क्लोज करतो आणि त्या थ्रेडची फाइल त्याच्या हाताखालून जाते. असा बग महिन्यातून एकदा दिसतो आणि कधीच पकडता येत नाही. एचपी-यूएक्सवर (एचपीच्या युनिक्सवर) उलट होतं, तिथे ईआयएनटीआर आलं तर नंबर उघडाच राहायचा आणि पुन्हा क्लोज करणं भाग होतं. २०२४ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या प्रमाण नियमांत) यासाठी पॉझिक्स-क्लोज असं नवं फंक्शनच घातलं आहे.

आता लिहायला उघडलेली फाइल. एनएफएस क्लोजच्या वेळी साठलेला मजकूर सर्व्हरला पाठवतं, त्यामुळे जागा संपल्याची किंवा कोटा ओलांडल्याची खबर कधीकधी पहिल्यांदा क्लोजमध्येच येते. तिथे करायचं एवढंच: वापरणाऱ्याला सांगायचं की फाइल नीट लिहिली गेली नाही, आणि जुनी प्रत उडवायची नाही. सीपी हे तपासतं म्हणूनच कोयनाकाठ यांची पहिली चूक सीपीच्या चाचणीत पकडता येणार आहे. तपासलं नाही तर एमव्हीसारखं काम मूळ फाइल घालवून बसेल.

आणि ईएक्सटी४सारख्या लोकल डिस्कवर क्लोज यशस्वी झालं याचा अर्थ मजकूर डिस्कवर गेला असा होत नाही, तो अजून मेमरीत असतो. खरोखर टिकायला हवं असेल तर क्लोजच्या आधी एफसिंक, आणि त्याचं उत्तर तपासायचं.

पायवाट · बुधवार, रात्री १०.४०

शेवंतीताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. एफसिंकचं उत्तर तपासणाऱ्यांनाही २०१८ साली मोठा धक्का बसला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसचं मंडळ तेव्हा समजून होतं की एफसिंक फसला तर पुन्हा करावा. लिनक्समध्ये मात्र डिस्कवर लिहिणं फसलं की ती पानं स्वच्छ झाल्याची खूण व्हायची, एरर एकदा सांगितली जायची, आणि दुसरा एफसिंक यशस्वी! मजकूर कुठेच नाही. त्यात पोस्टग्रेसमध्ये एक प्रोसेस फाइल लिहून बंद करते आणि चेकपॉइंट करणारी दुसरी प्रोसेस तीच फाइल नव्याने उघडून एफसिंक करते. एरर या दोघींच्या मधल्या फटीत गळू शकत होती.

२०१७ मध्ये ४.१३ कर्नलात जेफ लेटन यांनी एररची नोंद ठेवायची पद्धत बदलली होती, दर उघड्या नोंदीला ती स्वतंत्रपणे एकदा कळते. या वादानंतर, कोणीच न पाहिलेली जुनी एरर नव्याने उघडणाऱ्यालाही कळेल अशी दुरुस्ती झाली. आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंक फसला की पुन्हा प्रयत्न करत नाही, सरळ थांबतं आणि स्वतःच्या लॉगवरून सगळं परत उभं करतं.

सरळमार्ग, साध्या प्रोग्रॅमला हे ओझं नको हे मान्य. पण हा धागा फाइलसिस्टिम लिहिणाऱ्यांचा आहे. आपण एरर गिळली तर वरच्या कोणालाच ती मिळवायचा मार्ग उरत नाही.

सरळमार्ग · बुधवार, रात्री ११.१०

ईआयएनटीआरचा लूप माझ्या स्वतःच्या लायब्ररीत आहे. उद्या सकाळी काढतो. बाकी मुद्दाही मान्य.

रात्रपाळी · गुरुवार, पहाटे २.१५

लूप काढताना फाइल लॉकही तपासा. एफसीएनटीएलने घेतलेलं पॉझिक्स लॉक प्रोसेस आणि आयनोड या जोडीला असतं. त्याच प्रोसेसने तीच फाइल दुसऱ्या कुठल्या लायब्ररीतून उघडली, नुसती वाचली आणि बंद केली, तरी पहिलं लॉक सुटतं. काही न सांगता! एसक्यूलाइट या डेटाबेसला यावर उपाय म्हणून लॉक चालू असेपर्यंत डिस्क्रिप्टर खरोखर बंद न करता बाजूला ठेवावे लागतात. २०१४ मध्ये ३.१५ पासून उघड्या नोंदीला जोडलेली ओएफडी लॉक आली. नव्या कोडात तीच वापरा.

भरतीओहोटी · गुरुवार, दुपारी १२.५०

'खऱ्या फाइलसिस्टिम रिलीजमध्ये काय करतात' हा कोयनाकाठ यांचा मूळ प्रश्न राहिलाच. ईएक्सटी४चं रिलीज फंक्शन उघडून बघा, एका स्क्रीनवर मावतं. लिहिणारा शेवटचाच उरला असेल तर फाइलसाठी आधीच धरून ठेवलेले जादा ब्लॉक परत करतं. डिरेक्टरी असेल तर वाचनासाठी बांधलेलं झाड मोडतं. आणि तिसरं काम, त्यामागे इतिहास आहे.

२००९ च्या सुमारास ईएक्सटी४ नवं होतं. ईएक्सटी३वर मजकूर साधारण पाच सेकंदांत डिस्कवर जायचा. ईएक्सटी४ ब्लॉक ठरवणं लांबणीवर टाकायचं, त्यामुळे तो अवधी खूप वाढला. डेस्कटॉपवरचे पुष्कळ प्रोग्रॅम सेटिंगची फाइल शून्य करून, नव्याने लिहून, एफसिंक न करता क्लोज करायचे. मध्ये मशीन अडकलं की फाइल शून्य बाइटची. लोकांच्या सगळ्या सेटिंग गेल्या. ईएक्सटी४चे प्रमुख टेड त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅमनी एफसिंक करावा, आणि नियमाने ते बरोबरच होतं. तरीही त्यांनी कोड घातला: फाइल शून्य करून लिहिली असेल तर खूण ठेवायची आणि क्लोजच्या वेळी ब्लॉक ठरवून मजकूर डिस्ककडे रवाना करायचा. रवाना, पोचायची वाट न बघता. म्हणून तो एफसिंकला पर्याय नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्येही असंच आहे.

लोक चुकीचं वापरतात हे दिसल्यावर त्यांचा मजकूर वाचवायला दोन ओळी घालणं, मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

अंकुर_फुटला · गुरुवार, रात्री ८.३०

दादा, आज प्रयत्न केला. कागदावर दोन कोअर काढले, प्रत न घेता तिसऱ्याच ओळीत चुकीचा आयनोड सुटला. आता कळलं. शेवटचा प्रश्न: लिनक्समध्ये एफपुट शून्यावर आलं की लगेच रिलीज होतं का? कोड वाचताना ते काम कुठल्यातरी रांगेत टाकलेलं दिसलं.

पायवाट · गुरुवार, रात्री ९.४५

शाब्बास. रांगेचं कारण असं. शेवटचा हात कुठे सुटेल ते सांगता येत नाही. मेमरी-मॅप काढताना, सॉकेटमधून पाठवलेला डिस्क्रिप्टर टाकून देताना, कर्नलच्या कुठल्याही खोल फंक्शनमध्ये, हातात भलतीच लॉक असताना. तिथेच रिलीज चालवलं आणि त्याने तेच लॉक मागितलं की डेडलॉक. म्हणून २०१२ मध्ये अल विरो यांनी ३.६ कर्नलात बदल केला: शेवटचं काम त्या प्रोसेसच्या नावावर टाकायचं आणि ती यूझर मोडमध्ये परतायच्या आधी, सगळी लॉक सुटलेली असताना करायचं. कर्नल थ्रेड असेल तर वर्कक्यूवर (कर्नलच्या मागाहून करायच्या कामांच्या रांगेवर). प्रोग्रॅमला फरक दिसत नाही, सिस्टिम कॉल परत येईपर्यंत काम झालेलं असतं. २०२३ च्या ६.६ मध्ये खुद्द क्लोज कॉलपुरती ही रांग काढली, कारण तिथे हातात काही लॉक नसतात हे ठाऊकच आहे.

कोयनाकाठ · रविवार, सायंकाळी ७.२०

आज गटात बसून सगळं नव्याने लिहिलं. उतरवणं फ्लशमध्ये, मोकळं करणं रिलीजमध्ये, जागा राखणं राइटमध्ये, एफसिंक वेगळा. प्रत्येक कॉलला एक ओळ छापायची ठेवली. इकोला दिसलं: ओपन, फ्लश, राइट, फ्लश, रिलीज. भरलेल्या डिस्कवर सीपी आणि इको दोघांनाही आता राइटमध्येच नकार मिळतो. सीपीनंतर कॅटची स्क्रिप्ट हजार वेळा फिरवली, एकदाही रिकामी फाइल आली नाही.

मग स्लीपचं आउटपुट आमच्या फाइलमध्ये वळवून त्याला मागे चालवलं. ओपन आणि एक फ्लश आला, मग सगळं शांत. फाइल आरएमने उडवली तर टिंब-फ्यूज-हिडन नाव लगेच दिसलं, भरतीओहोटी म्हणाले तसंच. शेवटी स्लीपला किल नऊ दिलं. त्याला स्वतःला क्लोज म्हणायची संधीच नव्हती. तरी पडद्यावर आधी फ्लश आला, त्याखाली रिलीज आणि त्याखाली अनलिंक.